बेचिराग गावचा निबंध

निजामाच्या राजवटीत परभणीच्या कचेरीतला दफ्तरखाना, म्हणजे जुन्या कागदांची खोली, दिनकरराव सांभाळत. मी शेजारच्या खोलीत नकला उतरवायचो, म्हणून सांगतो, कागदांवर एवढी माया आणि माणसांवर एवढा राग मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. कागद बांधायच्या रुमालाची गाठ कुणी सैल बांधली, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

शाळेतली पोरं दिसली की मात्र हाच माणूस विरघळायचा. शाळेनं 'माझ्या गावाचा इतिहास' अशी निबंधाची स्पर्धा ठेवली, तेव्हा पोरांना दफ्तरखान्यात बसू द्या म्हणून त्यांनी तहसीलदारांच्या मागं लकडाच लावला. साहेब वैतागून म्हणाले, "या वर्षी बसू दे. पण सरकारी कागदातून भलतंच काही लिहिलं गेलं, तर दार कायमचं बंद."

चुडाव्याकडच्या एका वाडीचा भुजंग त्या पोरांत होता. उर्दू कागदात त्याच्या गावापुढं 'बेचिराग' असा शेरा निघाला. चिराग म्हणजे दिवा. पठ्ठ्यानं लिहून टाकलं, आमच्या गावात तेलाचा थेंब नव्हता, लोक अंधारात जेवत. मास्तरही गहिवरले! मी पोट धरून हसलो, तर दिनकरराव माझ्यावरच खेकसले, "हसायला काय झालं? पोरगं वाचायलंय तरी."

मग त्यांनी भुजंगला जवळ बसवलं. "बाळा, बेचिराग म्हणजे ओस पडलेलं गाव. दिवा लावायला माणूसच न्हाई. आन् हे बघ, पुढच्या कागदात गाव पुन्हा वसलंय."

"कुणी वसवलं?"

"ते कागदात न्हाई. घरी जा, म्हाताऱ्या माणसाला इचार."

निबंध द्यायची तारीख तोंडावर आली होती. भुजंग रडकुंडीला येऊन गाडीत बसला आणि दिनकररावांचं जेवणावरून मन उडालं. चुकीचा निबंध गेला तर दार बंद होणार होतं, आणि निबंधच गेला नाही तर पोराची सगळी मेहनत वाया.

भुजंग परतला तो उड्या मारतच. त्याची आजी कडूबाई म्हणाली होती, "दुष्काळात समदे पांगले. माजी सासू कस्तुराबाई तान्हं लेकरू घेऊन पयली माघारी आली. म्हून तर दिवाळीला गावातली पयली पणती आपल्या दारात लागती. तुमी कुणी इचारलंच न्हाई कदी."

बक्षीस दुसऱ्याच पोराला मिळालं. पण शाळेत सगळ्यांसमोर भुजंगनं निबंध वाचला तेव्हा तहसीलदार कान देऊन ऐकत होते. नंतर त्यांनी उर्दूत विचारलं, "ही बाई आपल्या दफ्तरात कशी नाही?"

दिनकरराव हात जोडून म्हणाले, "साहेब, कचेरीतून तिच्या घरी विचारायला कधी कुणी गेलंच नाही. ही पोरं जातात."

साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीही येऊ द्या त्यांना."

दिनकररावांना इतका आनंद झाला, की त्यांनी मलासुद्धा चहा पाजला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या वाडीचा रुमाल सोडला आणि 'बेचिराग' शेऱ्याच्या मागं भुजंगच्या हातचा मराठी निबंध ठेवला. त्यात पहिलंच नाव होतं, कस्तुराबाई.