पलीकडच्या घाटावरचे ओठ

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मला बघायला आलेल्या मंडळींनी पोह्यांच्या दोन-दोन बशा संपवल्या, तेवढ्यावर मी मनातल्या मनात कवठे महांकाळला संसार थाटला. माझी अक्कल तेवढीच. मुलाची आई तर "पोर लय आवडली" म्हणाली आणि उठेपर्यंत माझं मनगट धरून बसली. किती ही माया, असं मला वाटलं. वळ उठले तरी वाटतच राहिलं.

आमची आत्या लहानपणी तापात बहिरी झालेली. समोरच्याच्या ओठांवरून ती सगळं वाचायची. मुलाच्या आईच्या ते लक्षात आलं असावं. चहा पिताना त्या सारख्या आत्याकडेच बघत होत्या.

बाबा होकाराच्या तयारीत. एसटीला वेळ होता म्हणून मंडळी नदीपलीकडच्या देवळात गेली. वाईत उन्हाळ्यात कृष्णा एवढीशी होते. समोरचा घाट हाकेवर. मी आणि आत्या अलीकडे धुणं घेऊन बसलो. भर दुपार, घाटावर चिटपाखरू नाही. मंडळी देवळातून समोरच्या घाटावर उतरली आणि एकाएकी आत्या बोलायला लागली. चढ नाही, उतार नाही, अशा तिच्या सपाट आवाजात पलीकडचं एकेक वाक्य.

"पोरगी गरीब हाय. उलट बोलायची न्हाई." ओठ मुलाच्या वडिलांचे हलत होते.

"पहिली बी गरीबच हुती." हे मुलाचं.

"तिचं नाव काढू नगंस. ती हीर बी बुजवली आता."

पलीकडे दोघं हसले. आत्या हसली नाही, नुसती म्हणाली, "ह. ह. ह."

पहिल्या बायकोबद्दल, बुजवलेल्या विहिरीबद्दल आमच्याकडे कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

ते दोघं पुढे गेले. आई मागे राहिली. वळून तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला आणि थेट आमच्याकडे बघत सावकाश ओठ हलवले.

"काय म्हणाल्या?" मी आत्याचा दंड हलवला.

"पोर देऊ नगा."

घरी बाबा आत्यावरच उखडले. "अगं, बहिरीच्या ऐकण्यावर सोयरीक मोडू?"

मी मनगट पुढे केलं. चारही बोटं उमटलेली. बाबांनी हात उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतो."

एवढ्यात एसटी दारावरून गेली. खिडकीशी त्या बाई, शेजारी मुलगा. पदर पुन्हा तोंडावर. आणि मी शहाणीनं, पाहुण्यांना निरोप द्यावा तसा, वळ उठलेला हात हलवला.