कटिंग का भराव

नकाशा टेबलावर पसरला की भाऊ आधी त्यावर पंजा ठेवायचे. बोटं फाकवून अख्खा तळवा, कागदाखालची जमीन तापलीय का गार आहे ते बघावं तसा. मग मान वर न करता म्हणायचे, "तोंडानं सांग. कटिंग का भराव?"

असं एखादं माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. बाकीचे लोक बोटाने दाखवून मोकळे होतात, याला मात्र प्रत्येक गोष्ट शब्दांत ऐकायची असते. मला ते फार जड जायचं. मी मुळात कमी बोलते. त्यातून शिक्षण सगळं इंग्रजीत. घरी मराठी बोलतो, पण घरी कुणी डोंगर कापत नाही.

आमची कचेरी सोमाटण्याला, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर. जमिनीची मोजणी आणि रस्त्यांचे नकाशे हे आमचं काम. कॉलेज संपवून मी तिथे लागले, तेव्हा भाऊ सगळ्यांत जुने होते. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हणाले. "सर शाळेत. हितं भाऊ," एवढं सांगून त्यांनी माझ्यासाठी स्टूल ओढलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव टाकायलाही ते कुरकुर करायचे.

काम काय असतं ते त्यांनी एका दमात समजावलं होतं. "एक, आत्ता आहे ती जमीन. दुसरी, उद्या व्हनार ती जमीन. दोन्ही एकावर एक ठिवायच्या. आत्ताची वर निगाली तिथं कटिंग, खाली ऱ्हायली तिथं भराव. मधली माती मोजायची. बास." संगणकावर मोजणीचे सगळे ठिपके जोडून लहान लहान त्रिकोणांची जमीन तयार होते. भाऊ तिला गोधडी म्हणायचे. ती गोधडी पडद्यावर फिरवली की भाऊही खुर्चीत त्या बाजूला कलायचे. मी डोंगर डावीकडे वळवला की भाऊ डावीकडे. एकदा मी मुद्दाम पूर्ण गोल फिरवला, तर चहाचा कप धरून ते म्हणाले, "हळू गं, सांडंल."

कापून निघालेली माती आणि भरायला लागणारी माती यांचे आकडे जवळजवळ आले की ते खूश. बाहेरून माती आणायची नाही, बाहेर टाकायची नाही. डोंगराची माती डोंगरालाच लागली पाहिजे. आकडे मात्र मला मराठीत वाचावे लागत. मी 'सिक्स्टी नाईन' म्हटलं की ते थांबत. मी मनातल्या मनात एकोणसाठ, एकोणसत्तर असं चाचपडत असे आणि ते खिडकीबाहेर हायवेकडे बघत बसत. घाई करत नसत. चुकले तर हसतही नसत. मला वाटे, हे सगळं माझ्यासाठी चाललंय. लाजऱ्या पोरीला बोलतं करायची भाऊंची पद्धत.

तसं नव्हतं, हे मला एका दुपारी कळलं.

आमच्या नकाशांत कटिंग लाल रंगात आणि भराव हिरव्या रंगात दाखवायची रीत होती. त्या दुपारी छापलेला कागद समोर होता, भाऊंचा पंजा त्यावर होता, आणि मी गडबडीत लाल भागाला भराव म्हणाले. "बरोबर," भाऊ म्हणाले.

मला वाटलं, आता टोकतील. ते पुढच्या वळणावर बोट ठेवून माझी वाट बघत होते. मग मी हळूच म्हणाले, भाऊ, चुकले, हे कटिंग आहे. त्यांचं बोट तिथेच थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग ते उठून पाणी प्यायला गेले. तहान लागलेली नसताना माणूस जसं पाणी पितो तसं प्यायले, हे मला लांबून दिसलं.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. पडद्यावर भाऊंचं कधीच अडत नसे. तिथे रेघेवर क्लिक केलं की बाजूला तिचं नाव उमटतं आणि रंगाचा नंबरही. लाल म्हणजे एक, हिरवा म्हणजे तीन. ते नंबर त्यांना पाठ होते. कागदावरची रेघ मात्र मुकी. तिला कितीही बोट लावा, ती काही सांगत नाही. म्हणून हे 'तोंडानं सांग'. माझ्याआधी जे कोण त्या स्टुलावर बसलं असेल, त्यालाही त्यांनी असंच बोलायला लावलं असणार.

जिथे सगळं काम लाल आणि हिरव्यावर चालतं, तिथे हे दोन रंग ज्याला वेगळे दिसत नाहीत त्याच्या हातात नकाशा कोण देईल? त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही आवडतही नव्हतं. मी कुणाला बोलले नाही. त्यांनाही नाही. फक्त तेव्हापासून ते विचारायच्या आत मीच सांगू लागले. कागद उलगडता उलगडता म्हणायचे, भाऊ, इथून विहिरीपर्यंत कटिंग, पुढे भराव. ते हं म्हणायचे. दोन गप्प माणसांमध्ये एवढी समजूत पुष्कळ झाली.

मग मळवलीच्या वरच्या अंगाला एका वाडीच्या रस्त्याचं काम आलं. वाडीला पायवाट होती. आजारी माणसाला झोळीत घालून खाली भाजे गावापर्यंत आणावं लागे. रस्ता सगळ्यांनाच हवा होता. आखणी दाखवायला आम्ही वर गेलो त्या सकाळीच ऑफिसातल्या दुसऱ्या मुलाने एक वळण बदलून नवा कागद छापला होता. गाडीत तो गुंडाळीतच राहिला. मी पाहिला नव्हता आणि भाऊंनीही नाही.

शाळेच्या ओसरीवर चटईवर कागद पसरला. कोपऱ्यांवर दगड ठेवले. माणसं दाटीने बसली होती. मी सवयीप्रमाणे मागे खांबाला टेकून उभी राहिले. तिथून मला कागद दिसत नव्हता.

एक मावशी पुढे सरकल्या. त्यांचं घर नेमकं त्या नव्या वळणाशी होतं, मागे डोंगराची चढण, पुढे खळं. त्यांनी विचारलं, "माज्या घरामागं काय करनार? उकरनार का भरनार? उकरलं तर पावसात दरड सरळ माज्या चुलीत येनार."

भाऊंनी पंजा ठेवला. वर बघितलं, मला शोधलं आणि म्हणाले, "तोंडानं सांग."

मी पुढे यायला निघाले, तेवढ्यात वाडीतले एक पुढारी गृहस्थ म्हणाले, "भाऊ, तुमीच सांगा की. त्या पोरीला काय इचारताय?" दोनतीन जण हसले. मी जागच्या जागी थिजले. माझे पाय अशा वेळी उचलतच नाहीत.

भाऊ काहीही सांगू शकले असते. घरी जाऊन बघतो म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. भाऊंनी कागदावरचा हात काढून घेतला.

"मावशी, मला लाल आन् हिरवं येगळं दिसत न्हाई," ते म्हणाले. "जलमापासनं. ह्या कागदावर तुमच्या घरामागं काय हाय ते मला कळत न्हाई. तिला कळतं. तीच सांगंल."

इतकी वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी चटईवर ठेवून दिली होती, आमच्याबरोबर चढून आलेला ड्रायव्हर ऐकत होता, आणि संध्याकाळपर्यंत ती कचेरीत पोचणार होती.

मावशींनी पदर सावरला. "मग तुमच्या घरी मिरच्या कोन तोडतं वो?"

"बायको," भाऊ म्हणाले. "मी टोपली धरतो."

आधी मावशीच हसल्या, मग सगळी ओसरी. भाऊही हसले. एवढ्या मोठ्याने हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या हसण्यातच कुणीतरी सरकून मला जागा दिली आणि मी कागदाजवळ जाऊन बसले. घरामागचा पट्टा लाल होता. गडद लाल.

भाऊंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी फक्त माझ्याकडे मान वळवली.

"मावशी, तुमच्या घरामागे कटिंग आहे," मी म्हणाले. आवाज माझाच आहे का, असं वाटलं. "तुमच्या आढ्याच्या उंचीएवढं."

हसू थांबलं. मावशींनी घराकडे बघितलं, मग खळ्याकडे. मग म्हणाल्या, "खळं घ्या माजं. भात दुसरीकडं झोडपीन. डोंगराला हात लावू नका."

परत येताना सोमाटण्याच्या चौकात गाडी थांबली, तेव्हा भाऊ म्हणाले, "बरं सांगितलंस." बस्स.

कचेरीत बातमी पोचलीच. भाऊ साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लागलं. मी पडद्यावरचा डोंगर उगाचच गोल गोल फिरवत बसले. बाहेर आले तेव्हा भाऊंचा चेहरा गोंधळलेला होता. साहेब म्हणे एवढंच म्हणाले होते, की आधी सांगितलं असतंत तर लाल शाई तरी कमी मागवली असती. भाऊंना त्याचा अर्थ लागत नव्हता. "म्हंजे ठिवलं का काढलं?" त्यांनी मला विचारलं. ठेवलं, मी म्हणाले.

पुढचे कित्येक दिवस आम्ही ते वळण सोडवत होतो. रस्ता खळ्याकडे सरकवला की घरामागचं कटिंग जाई, पण भरावाला माती कमी पडे. भाऊ वरच्या टेपाडाचा माथा जरासा उतरवून बघत, मी पुन्हा मोजत असे. मावशींच्या घराच्या जागी मी पडद्यावर चौकोन काढून ठेवला होता. शेवटी दोन्ही आकडे शेजारी शेजारी येऊन बसले आणि चौकोनामागचा डोंगर जसाच्या तसा राहिला.

त्याच दिवसांत मी कुणाला न विचारता कचेरीच्या नकाशाचे रंग बदलले. कटिंग पिवळं, भराव निळा. नवा कागद भाऊंच्या टेबलावर ठेवला आणि माझ्या जागी जाऊन बसले. त्यांनी पंजा ठेवला. मग उचलला. कागद खिडकीपाशी नेला, जवळ धरला, लांब धरला. शाळेतल्या मुलासारखं एकेका पट्ट्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता आपलं काम संपलं.

"हिकडं ये," ते म्हणाले. मी जाऊन स्टुलावर बसले. "आता मला दिसतंय."

मी हो म्हणाले.

"तरी सांग."

आणि मी सांगितलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सगळे आकडे मराठीत. एकोणसत्तर एका फटक्यात आलं.

रस्ता होईपर्यंत भाऊ राहिले नाहीत. एका सकाळी वराळ्याला घरी, कामावर निघताना, जॅकेट घालून ओट्यावर बसले ते उठलेच नाहीत. आम्ही सगळे गेलो होतो. त्यांच्या बायकोने मला ओळखलं. "तूच ना ती, एकोणसत्तरवाली?" त्या म्हणाल्या. भाऊ घरी एवढं बोलत असतील असं मला वाटलं नव्हतं.

रस्ता पुरा झाल्यावर मी एकटीच वाडीवर गेले, नकाशाप्रमाणे झालाय का ते मोजायला. गाडी पार वरपर्यंत गेली. मावशींच्या घरामागे डोंगर होता तसाच होता, करवंदीच्या जाळ्यांसकट. पुढे खळ्याच्या जागी भराव होता आणि त्याच्या कडेला, उन्हात, मावशींनी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

त्यांनी मला लांबूनच ओळखलं. जवळ गेल्यावर त्यांनी त्या लाल पसाऱ्यात हात घातला, चुकून आलेली एक हिरवी मिरची शोधून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "तुमच्या भाऊंना दे. कंच्या रंगाची हाय वळखा म्हनावं." स्वतःच हसू लागल्या.

मला हो म्हणून मिरची घेऊन खाली उतरता आलं असतं. मी तशीच माणूस आहे. पण मला तो कागदावरचा पंजा दिसला.

"मावशी," मी म्हणाले, "भाऊ गेले."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही, चेहऱ्यावर जरा वेळ तसंच राहिलं. मग त्या खाली बसल्या आणि मिरच्या एकेक करून उलटवू लागल्या. मीही शेजारी बसून उलटवल्या. उठताना मी ती हिरवी परत द्यायला हात पुढे केला. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू ठिव."

ती मी कचेरीत भाऊंच्या टेबलावर ठेवली. तिथे अजून कुणी बसत नाही. काही दिवसांनी तिचा देठाकडचा रंग पालटला, मग अर्धी पालटली, मग सगळीच. भाऊंना काहीच फरक दिसला नसता.

सगळे जेवायला गेले होते. मी त्या स्टुलावर बसले आणि तोंडाने सांगितलं, "भाऊ, लाल झाली."