पायरीवरचा चहा

काशीतल्या एका बाईखेरीज हे कुणालाच ठाऊक नाही. बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला का सांगतोय? — नाही सांगता येणार.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बँकेनं माझी बदली बनारसला केली. ब्रह्मा घाटाजवळ एका मराठी घरात वरची खोली मिळाली. घरमालकीण काकू वैदिकांच्या घरातल्या, विधवा, सोवळं कडक. माझं आडनाव हिंदूंतही असतं, आम्हा ख्रिस्ती लोकांतही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हे खोटं थोडंच होतं? — असं मी स्वतःला समजावत राहिलो. पण उशाचं बायबल पेटीच्या तळाशी गेलं. मग प्रार्थना सुटली. मग नाताळला नगरला जाणंही सुटलं.

पुढच्या वर्षी आईच आली. न कळवता, एकटी. नाताळाआधीचे चार रविवार आम्ही आगमनकाळ म्हणून पाळतो. दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते. पहिली आशेची. "तू येत नाहीस, म्हटलं आपणच जावं," म्हणाली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या मेणबत्त्या काढल्या.

संध्याकाळी तिनं पहिली लावली, डोळे मिटले. दार उघडंच होतं.

"वर बत्ती गेलीय का हो?" म्हणत काकू जिना चढून आल्या. बल्ब तर लख्ख जळत होता. त्यांची नजर मेणबत्तीवरून आईच्या गळ्यातल्या क्रुसावर गेली. "ह्या कोण?"

मी म्हणालो — म्हणालो खरा — "गावाकडच्या आहेत. आमच्या घरी कामाला असतात. ख्रिस्ती आहेत."

आई माझ्याकडे बघत होती. रागावली असती तर! तिनं हात जोडले, आणि मालकिणीला म्हणावं तसं काकूंना म्हणाली, "नमस्कार, बाईसाहेब." माझं खोटं तिनं निभावून नेलं.

सकाळी काकूंनी तिला चहा दिला. बाहेर पायरीवर, कान तुटलेल्या कपात. पिऊन झाल्यावर आईनं तो विसळून पालथा घातला. मी वरून बघत होतो. खाली उतरायला कितीसा वेळ लागला असता? — नाही उतरलो. दुपारी तिला गाडीत बसवून दिलं. "वेळेवर जेवत जा," एवढंच म्हणाली.

उरलेल्या मेणबत्त्या ती माझ्याकडे ठेवून गेली होती. पुढच्या रविवारी मी त्यांना हात लावला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी एक लावली. प्रार्थना करायला बसलो, तर तोंडातून शब्द फुटेना. तसाच उठून खाली गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "काकू, ती माझी आई होती."

त्यांनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "ख्रिस्ती आहात हे कळतं, तर मी कमरा दिला नसता. खोटं कशाला बोलू? पण लेकाकडे आलेल्या आईला मी पायरीवर बसवलं. हे माझ्या हातून का करवलंत?" आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

ती खोली मी सोडली. नाताळला नगरला गेलो. चर्चच्या आवारात बायका आईला काशीबद्दल विचारत होत्या. "लेकाची घरमालकीण फार मायाळू," आई सांगत होती, "उठल्या उठल्या हातात चहा दिला." मी शेजारीच उभा होतो. मान हलवली.

त्या दिवशी उपासनेत किती काळानं प्रार्थना ओठांवर आली. आली ती टिकली, आजही आहे. तुम्ही म्हणाल, मग सुटलास की. कसला सुटलो? काकूंपुढे कबूल केलं, देवापुढे केलं — देवाला सांगणं त्या मानानं सोपं होतं. आईला मात्र 'चुकलो' एवढंही नाही सांगितलं.

ती त्यानंतर बरीच वर्षं होती. शेवटी तर माझ्याच घरी होती, रोज समोरासमोर बसून जेवायचो. लोक म्हणतात, सांगायचं राहून गेलं. माझं राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही.