पवनीच्या टेकडीला खालून फेरा

वर्षावास संपला की आमच्या विहारातल्या बायांची एक सहल निघते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालतं, शेवटी भोजनदान होतं आणि मग एक दिवस बस करून सगळ्या जणी कुठेतरी जातात. माझं शिक्षण बारावीच्या आतच थांबलं, पण जोडाक्षरांना न अडखळता वाचतो म्हणून वाचन माझ्याकडे आहे. सहल ठरवायचं कामही त्यासोबतच माझ्याकडे आलं. यंदा सगळ्यांनी पवनी म्हटलं. आमच्याच जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठचं, फार जुन्या स्तूपांचं गाव.

मी आधी चौकशी करणारा माणूस आहे. बस कुठे उभी राहील, बायांसाठी सोय कुठे आहे, सावली आहे का, हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही. चौकशीत कळलं की पवनीचा एक मुख्य स्तूप ज्या टेकडीत आहे, त्या जगन्नाथ टेकडीच्या माथ्यावर देऊळ आहे. हे मी मोठीआईला लगेच सांगितलं.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. तिच्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्या घरात आल्यापासून तिने देवळाची पायरी चढलेली नाही, आणि विहारात बावीस प्रतिज्ञा तीच सर्वांत मोठ्या आवाजात म्हणते. निम्म्या बाया तिच्याकडे पाहून पाऊल टाकतात. ती नाही म्हणाली असती तर त्याही बसमध्ये चढल्या नसत्या. शिवाय तिचे गुडघे. पुढच्या वर्षी ती येऊ शकेल का, हे तिलाही माहीत नाही.

तिने गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "पाहून येऊ आधी. तू अन् मी."

आम्ही जवाहरनगरजवळ राहतो. सकाळी ऑटोने भंडाऱ्याला आलो आणि पवनीची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट आहे, हे लक्षात ठेवा. मी कंडक्टरला पवनीला किती वेळ लागेल, परतीची गाडी कधी, ती अड्याळला थांबते का, असं सगळं विचारलं. मोठीआई म्हणाली, "राहू दे बाबू, इचारून इचारून त्या मानसाले म्हातारा करशीन." कंडक्टर म्हणाला, "आज्जी, अर्ध्या तिकिटाची सवारी गप बसली हाय, पुऱ्या तिकिटाचीच बोलून राहिली."

वैनगंगेवरचा कारध्याचा पूल ओलांडला की रस्ता नदीची सोबत सोडून धानाच्या बांध्यांमध्ये, भातखाचरांमध्ये शिरतो. धान पिवळं पडायला लागलं होतं, मधल्या धुऱ्यांच्या बांधांवर तूर उभी होती. अड्याळला गाडी थोडी थांबली. तिथे आलूबोंडा आणि वरून तर्री खाल्ली. तिखट आहे. बस घेऊन जाणाऱ्यांनी नाश्ता इथेच उरकावा, पवनीत गेल्यावर बायांचं लक्ष खाण्यात राहत नाही.

पवनीला उतरून आम्ही थेट टेकडीकडे गेलो. लांबून पाहिलं तर गवत वाढलेला मातीचा उंचवटा, वर देवळाचा कळस. मोठीआई पायथ्याशी थांबली. वरून घंटेचा आवाज आला. तिने पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि पायरीकडे पाहत राहिली.

जवळच तळ्यातले मासे-शिंगाडे काढणाऱ्या ढिवर समाजातली एक बाई गोणपाटावर शिंगाडे घेऊन बसली होती.

"वरतं गेल्याबिगर दिसते का इथलं?" मोठीआईने तिला विचारलं.

"काय पाहाचं हाय?"

"स्तूप."

"मंग तू त्याच्यापाशीच उभी हायेस नं बाई. हे सारं टेकाडच थे हाय म्हणतात." तिने शिंगाडा सोलून मोठीआईच्या हातावर ठेवला. "तुमचे लोकं येतात. कोणी वरतं जातात, कोणी खालूनच हात जोडतात. जाय न वरतं, देव काही धरून ठेवत नाही."

"तो नाही धरत गं. मीच सोडून आली त्याले."

दोघी हसल्या. शिंगाडा खाऊन होईपर्यंत मोठीआई टेकडीकडेच पाहत होती. मग तिने चपला काढल्या.

"वर जायचं?" मी विचारलं.

"स्तुपावर कोणी चढते का? स्तुपाले फेरा घेतात."

हे मला सुचायला हवं होतं. विहारातल्या छोट्या स्तूपालाही आम्ही उजव्या हाताला ठेवूनच फिरतो. टेकडीभोवती मात्र आखलेली वाट नाही. कुठे पायवाट, कुठे काटेरी झुडपं, एका ठिकाणी बांधलेली म्हैस. मोठीआई माझ्या खांद्यावर हात ठेवून चालली. मागच्या बाजूला मातीतून विटांच्या कडा दिसत होत्या, आपल्या आजच्या विटांपेक्षा मोठ्या. तिने वाकून एकीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तोंडातल्या तोंडात 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत पुढे निघाली.

फेरा पुरा होऊन आम्ही शिंगाडेवालीपाशी आलो. ती सहज म्हणाली, "बरं झालं. म्हंजे वरच्या देवाले बी फेरा झाला तुझा."

मोठीआईचा चेहरा उतरला. तिने चपला घातल्या आणि ती रस्त्याला लागली.

पुढे ऑटोने रुयाडला गेलो, ते पवनीपासून जवळच आहे. तिथला नवा, मोठा स्तूप पाहण्यासारखा आहे. बस उभी करायला जागा आहे, बसायला ऐसपैस सावली आहे. मी सगळं पाहून घेतलं. मोठीआईने वंदन केलं, पण तिचं मन मागेच होतं. परतीच्या गाडीतही ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मला वाटलं, सहल गेली. रुयाडपुरतीच बस करावी लागेल, आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं, याची जुळवाजुळव मी भंडारा येईपर्यंत करत होतो.

संध्याकाळी विहारात बाया जमल्या. मी बोलायच्या आतच मोठीआईने सगळं सांगितलं, शिंगाडेवालीचं बोलणंसुद्धा. एक शेजारीण म्हणालीच, "मंग काय मोठीआई, देवाले फेरा घालून आली म्हनाची तू."

"आली," मोठीआई म्हणाली. "दिवसभर थेच चावून राहिली मी. मंग मनात आलं, थे देऊळ वरतं बसलं म्हून आपण आपला स्तूप सोडाचा काहून? मी इटेले हात लावला, बाई. गरम होती उन्हानं. जिले वरतं जाऊ वाटन तिनं जावं, जिले नाही तिनं माह्यासंग खालून चलावं. एकमेकीले इचाराचं नाही."

मग शेजारणीनेच विचारलं, काटे आहेत तर मोजे घालून चाललं तर चालेल का.

पवनी एका दिवसात नीट होते. ग्रंथात वर्षानुवर्षं जे वाचलं, त्याची एक कडा तिथे मातीतून वर आलेली दिसते, आणि तिच्या आजूबाजूला लोक आपापलं जगत असतात. मला सगळं आधी ठरलेलं लागतं. वर किती जणी जातील आणि खालून किती, हे मात्र मी विचारलेलं नाही. गाडीवाल्याला एवढंच सांगितलं आहे की टेकडीपाशी भरपूर वेळ थांबायचं. दुखऱ्या गुडघ्यांनी तो फेरा हळूहळूच होतो, आणि मधेच हॉर्न वाजवायचा नाही.