खानाची मूठमाती

आमच्या वस्तीच्या गणेशोत्सवात दरवर्षी एकच नाटक होतं. महाराज आणि खानाच्या भेटीचं. आणि लग्न होऊन नागपुरात आले तेव्हापासून मी पाहते आहे, खान म्हणजे आमचे हे. सदर भागातल्या एका ऑफिसात जन्मभर फायली सरकवल्या, साहेबासमोर कधी ब्र काढला नाही; पण भाद्रपद जवळ आला की दाढी वाढायला लागते, चाल बदलते आणि भाजीवालीला वांग्याचा भाव विचारतानाही आवाज थेट विजापूरहून येतो. ती बिचारी हसून म्हणते, “घ्या खानसाहेब, तुमच्यासाठी कमी लावते.”

पहिल्या अंकात खान देवीची मूर्ती फोडतो. मूर्ती थर्माकोलची. हे विंगेत आधी तिच्या पाया पडतात, “माय, नाटक आहे वं, राग मानू नको,” असं विनवतात आणि मग बाहेर जाऊन असा घण घालतात की पुढच्या सतरंजीवरच्या बाया मनापासून शिव्या हासडतात. त्या शिव्या घरी येऊन मला कौतुकानं ऐकवल्या जातात. मी प्रॉम्प्टर. हातात संहिता आणि टॉर्च घेऊन विंगेत उभी असते, म्हणजे खरं तर सगळं माझ्यादेखतच झालेलं असतं. पण ऐकून घ्यावं लागतं.

यांचा जीव मात्र शेवटच्या प्रवेशात. खान मरून पडलेला आहे. मावळे जयजयकार करायला जातात, महाराज हात वर करून थांबवतात. स्वतःच्या खांद्यावरचा शेला काढून खानाच्या अंगावर घालतात आणि म्हणतात, “वैर जिवंत माणसाशी होतं. आता तो आपल्या जमिनीवर पडला आहे. त्याला मानानं मूठमाती द्या.” पडदा. यांना त्यात एक शब्द नाही, नुसतं पडून राहायचं. पण हे असे मरतात की छाती हलताना दिसत नाही. “बोलणारे ढीगभर भेटतात, मरणारा भेटत नाही,” असं यांचं म्हणणं. एवढा गर्व तर पेन्शन मंजूर झाली तेव्हाही नव्हता.

मागच्या वर्षी महाराजांचं काम करणारे शेजारी मुलीकडे पुण्याला राहायला गेले आणि ते काम आमच्या मुलाकडे आलं. मुलगा हिंगण्याला एका कारखान्यात इंजिनिअर आहे, उत्सवाच्या कमिटीत पुढे पुढे असतो. यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी संत्रा बर्फी आली. पण मुलगा कमिटीच्या पहिल्याच बैठकीहून वेगळी बातमी घेऊन आला. शेवटचा प्रवेश कापायचा. खान पडला की घोषणा आणि पडदा.

“काहून?” यांनी विचारलं. ताटात पिठलं होतं, हात तिथंच थांबला.

“काहून म्हणजे? ते आपली देवळं फोडून गेले अन् आपण स्टेजवर त्यांच्या अंगावर शेला घालून राहिलो.”

“देऊळ तर मीच फोडतो पहिल्या अंकात. ते कुठं कापलं तुमी? खानाचं पाप ठेवता अन् महाराजांचं मोठेपण कापता. असा कसा हिशोब गा तुमचा?”

“मोठेपणच नडलं आपल्याले, बाबा. आजही त्यांचे गोडवे गाणारे आहेत. तुमाले मोबाईलवर काय चालून राहिलं ते माहीत नाही.”

“मले महाराज माहीत आहेत.”

“मग खानाची बाजू काहून घेता?”

हे ताटावरून उठले. हात धुऊन आले आणि म्हणाले, “जन्मभर खान म्हणून शिव्या खाल्ल्या. पण घरातल्या कोणी मले खरा खान समजलं नव्हतं. तुमचा खान तुमी शोधा.”

मुलाचा राग अगदीच हवेतला नव्हता, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी दुसऱ्याच एका कबरीवरून शहरात दगडफेक झाली, गाड्या जळल्या, संचारबंदी लागली. त्याच्या मित्राची नवी गाडी त्यात गेली. कंपनीची बस कुठून कुठून वळसे घेत आली आणि तो घरी येईपर्यंत मी फाटकाला चिकटून उभी होते. कोण कुठला बादशहा, मरून तीनशे वर्षं झाली, आणि माझ्या पोराची बस अडकली त्याच्यापायी! मला दोन्हीकडच्या लोकांचा सारखाच संताप आला होता. पोराच्या डोक्यात मात्र एकाच बाजूचा राहिला.

पुढे घरात मौनव्रत. एका खोलीत बसून दोघं माझ्यामार्फत बोलणार. “बाबांना सांग, तालमीला बोलावलं आहे.” “त्याले सांग, मी मेलो.” मी म्हटलं, मी काय टपाल खातं आहे? दोघांचा चहा एकाच ट्रेमध्ये ठेवला आणि शेजारणीकडे निघून गेले.

परत आले तर हे आरशासमोर दाढी विंचरत होते. मला वाटलं पोरानं माघार घेतली. छे! माघार यांनीच घेतली होती. “अवं, तो पहिल्यांदा महाराज होऊन राहिला,” हे म्हणाले. “त्याच्यासमोर दुसरा कोणी मेलेला मले पाहवणार नाही.” मला रडूही आलं आणि यांचा रागही आला. एवढं भांडायचं आणि पोराच्या एका जिरेटोपासाठी विरघळायचं. मग मुलानं माझ्याकडून वचन घेतलं, कापलेली वाक्यं विंगेतून सांगायची नाहीत. मी दिलं.

नाटकाच्या संध्याकाळी मांडव भरला होता. देवी फुटली, शिव्या पडल्या, भेट झाली, वाघनखं चालली आणि हे धाडकन पडले. घोषणा झाल्या. आता पडदा पडायचा, तर पडदा पडेना.

पडद्याची दोरी वर्षानुवर्षं समोरच्या घरातल्या काकांच्या हातात. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते खानाच्या अंगावर शेला पडण्याची वाट बघतात आणि दोरी सोडतात. कमिटीनं सगळ्यांना सगळं सांगितलं होतं, काकांना सांगायचं कोणालाच सुचलं नव्हतं. ते दोरी धरून शांतपणे शेल्याची वाट पाहत बसले होते.

घोषणा पुन्हा झाल्या. विरल्या. समोरच्या बायाही वाट बघत होत्या, त्यांनाही पुढचं पाठ होतं. मुलानं माझ्याकडे पाहिलं. संहितेत ती वाक्यं लाल पेनानं खोडली होती, तरी वाचता येत होती. वचन गेलं खड्ड्यात, असं म्हणून मी तोंड उघडलं, पण तोवर त्याची नजर माझ्यावरून निघून गेली होती. तो पायापाशी पडलेल्या बापाकडे बघत होता. हे नेहमीसारखे, छाती जराही न हलवता पडले होते. दाढीत पांढरं किती आलं आहे ते त्या दिव्यात मलाही एकदम दिसलं.

तो गुडघ्यावर बसला. यांच्या छातीवर हात ठेवला. त्याचे ओठ “बाबा” असे हलले. हे कसले हलतात!

मग त्यानं शेला काढला. उभ्या उभ्या टाकायचा असतो, त्यानं नीट पांघरला, थंडीत पांघरूण घालतात तसा. “वैर,” म्हणाला आणि थांबला. “वैर जिवंत माणसाशी होतं.” पुढचं वाक्य विसरला. “मानानं मूठमाती द्या,” एवढं कसंबसं निघालं. काकांनी दोरी सोडली.

पडद्यामागे हे उठून बसले आणि म्हणाले, “आवाज पडला तुझा शेवटी. मागच्या रांगेले काही ऐकू नाही गेलं.”

“मले वाटलं, तुमी...” तो म्हणाला.

कमिटीची पोरं जाब विचारायला स्टेजवर धावत आली. पाहतात तर महाराज जिरेटोपासकट खानाच्या गळ्यात पडून हुंदके देत होते. पोरं जागच्या जागी उभी राहिली.

“अवं, पाणी आण याले,” हे त्याच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाले. “अन् काकांना सांग, पडदा उघडू नका म्हणा अजून.”