दोन मनगटं

कोऱ्या मांजरपाटाचा वास आला की मला सेलूच्या बाजारातली ती दुपार आठवते. आमच्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून पाकिस्तानातून आलेल्या दोन सिंधी भावांचं कापडाचं दुकान होतं. दोघं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहत होते आणि त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज मीच भरून दिले होते. त्या दुपारी एक गिऱ्हाईक कापलेलं कापड परत घ्या म्हणून अडून बसलं. थोरला नाही म्हणाला, तसा तो माणूस खवळला. "काऊन बे पाकिस्तान्या, आमच्याच गावात राहून आम्हालेच नाई म्हणतं?" म्हणत त्याने कापड मोजायचा लोखंडी गज थोरल्याच्या तोंडावर हाणला. दात तुटला, पांढऱ्या कापडावर रक्त उडालं. धाकटा कात्री घेऊन धावला. थोरल्याने झेप घेऊन धाकट्याचीच दोन्ही मनगटं धरली. पाठीवर, मानेवर, कानावर गज बसत होता, पण त्याने पकड सोडली नाही. "कैंची छोड! केस हुई तो कागज गए!" तो ओरडत राहिला. मी आरडाओरडा केल्यावर लोकांनी मारणाऱ्याला ओढून काढलं. "भाऊ, चला, रिपोर्ट देऊ," मी म्हणाले. रक्त थुंकत तो म्हणाला, "नाई ताई. रिपोर्टात माह्यं बी नाव येते." दोन वर्षांनी दोघांना नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. थोरल्याला डाव्या कानाने मात्र पुन्हा ऐकू आलं नाही. तो मारणारा मला अजूनही बाजारात दिसतो. त्याला कोणी कधी कसलाच कागद मागितलेला नाही.