आठवा लागायच्या आत

आमच्या यांना मोटारींचा नाद होता, आणि नादापुढं कुणाचं काही चालत नाही. भोर ते पुणे सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होते तोवर माझी तक्रार नव्हती. पण लढाई लागली, पेट्रोल कुपनावर गेलं, मोटारी कोळशाच्या ग्यासवर खोकत चालायला लागल्या आणि यांचं डोकं फिरलं. भाटघर धरणाच्या काठाला एका कंत्राटदाराची जुनी मोटरबोट कित्येक वर्षं पडून होती, ती यांनी घेतली. का, तर धरणापलीकडच्या गावांचे उतारू न्यायचे. मी म्हटलं, "आधी इंजिन फिरतंय का ते तरी बघायचं!" तर म्हणाले, "थोडं जाम झालंय. सुटंल."

थोडं म्हणे! हँडलला दोन दांडगे गडी लोंबकळले तरी इंजिनाचं चाक जागचं हलेना. पाणी आत जाऊन दट्टे गंजले होते आणि नळकांड्यांना घट्ट धरून बसले होते.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी धाकटी नणंद पलीकडच्या तीराला दिलेली होती. आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल गेलं. भरल्या पोटानं तिला लावणीच्या चिखलात उभी केली होती, आणि सुईण पोचायच्या आत सगळं संपलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण त्या खेपेला सासरच्यांनी पाठवलीच नाही. आता पुन्हा दिवस राहिले होते. ह्या वेळी तिला आणायचीच, असं यांनी धरलं होतं. मलाही रात्री झोप लागत नव्हती, खोटं कशाला सांगू.

अडचण अशी की आठव्या महिन्यात बाईला हलवत नाहीत, आणि अमावास्येला तिला आठवा लागणार होता. नवव्यात नेतात कुणी कुणी, पण तिच्या सासूला तेही मान्य नव्हतं. धरण तुडुंब भरलेलं, काठाची गाडीवाट पाण्याखाली. डोंगरातनं डोलीत आणायची म्हणजे दिवसभराचे हिसके. पावसाळ्यात एक होडी उलटली होती, म्हणून साध्या होडीत सून घालायला सासू तयार नव्हती. "मोटारीची बोट आना, मग पाठवू," असा तिचा निरोप आला. आमचं इंजिन जाम आहे हे बाईला पक्कं ठाऊक होतं, असा माझा आजही संशय आहे.

यांनी प्लग काढून दट्ट्यांवर राकेल ओतलं. राकेल घरातलंच. आम्ही चुलीच्या उजेडात जेवत होतो आणि आमच्या वाटचं राकेल ते इंजिन पीत होतं. रोज सकाळी हे पहार चाकात अडकवायचे, अंगाचा भार टाकायचे आणि तोंड पाडून घरी यायचे. विचारायची सोय नव्हती. मग पेट्रोलची टाकी लांब नेऊन ठेवली आणि घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे घालून इंजिनाला बाहेरून धग द्यायला लागले. मी पाण्याची बादली घेऊन शेजारी बसायची. लाकडाची बोट, काय सांगावं!

एक दिवस हे पाना आणायला भोरात गेले होते. सासरे, म्हणजे आबा, बैलजोडी घेऊन काठावर आले. चाकाला दोर गुंडाळला आणि बैल जुंपले. "मानसाच्यानं न्हाई सुटत, तर बैलं सोडवत्याल," म्हणाले. मी तोवर आबांच्या पुढ्यात कधी वर मान करून बोलले नव्हते. त्या दिवशी बैलांच्या शिंगांपुढं जाऊन उभी राहिले.

"अवो आबा, एक हिसका बसला तर आतला दांडा वाकंल! मग अमावास्या काय अन् पुनव काय!"

"लई शानी झालीस," एवढंच बोलले. पण दोर सोडला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी आतून कट् असा आवाज झाला. हे थांबले. मला वाटलं, मोडलं. पुन्हा पहार दाबली तर चाक करंगळीभर सरकलं. हे मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग मागं-पुढं, मागं-पुढं करत दुपारपर्यंत चाक पुरतं फिरायला लागलं. हँडल मारून मारून यांचा हात सुजला तेव्हा कुठं इंजिन लागलं आणि सगळा काठ धुरानं काळा झाला.

"चल, बस," हे म्हणाले. "एकदा बंद पडलं तर आज पुन्हा लागायचं न्हाई."

पलीकडं पोचलो तरी यांनी इंजिन चालूच ठेवलं. तिची सासू धक्क्यावर हात बांधून उभी. म्हणते कशी, "आमच्या मोजनीनं आठवा कालच लागला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काल लागला व्हय? मग ही बोचकं बांधून का उभी हाय?"

"मोठ्या मानसांशी असं बोलायचं असतं का गं?"

यांची नजर संपत चाललेल्या कुपनाच्या पेट्रोलवर, माझी तिच्या तोंडावर. तेवढ्यात नणंद सासूच्या मागून पुढं झाली आणि कुणाकडं न बघता सरळ पाण्यात उतरली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. मी हात दिला आणि ओढून वर घेतली. सासू काय ओरडत होती ते इंजिनाच्या आवाजात ऐकूच आलं नाही. बरंच झालं.

मध्यावर आलो तेव्हा तिनं माझ्या कानाला तोंड लावलं. "वैनी, परवापासनं हालत न्हाई. म्या कुणालाच सांगितलं न्हाई."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. पण ते इंजिन! सगळी बोट थडथडत होती, फळी थडथडत होती, तिचं पोट, माझा हात, सगळंच. त्यातलं तिचं कुठलं आणि इंजिनाचं कुठलं, काही कळेना.

"बंद करा!" मी ओरडले.

"येडी झालीस का? पुन्हा लागायचं न्हाई!"

"बंद करा म्हणते ना!"

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बंद केलं.

एकदम सगळं गप्प झालं. मी दोन्ही तळवे टेकवले. काही नाही. डावीकडं दाबून बघितलं. काही नाही. नणंद माझ्याकडं बघतच नव्हती, तिनं डोळे गच्च मिटले होते. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना. बोट वाऱ्यानं हळूहळू आडवी होत होती.

आणि मग बरगडीखाली, माझ्या अंगठ्यावर, ठोसा बसला. चांगला जोरात.

"लाथ मारली गं मेल्यानं!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी गळ्यात पडून रडायला लागलो.

यांनी हँडलला हातही लावला नाही. वल्हं उचललं आणि आमच्याकडं पाठ करून मारायला लागले, डोळे आम्हाला दिसू नयेत म्हणून.